ताई, ते खोटं होतं

ताई,

तुला जाऊन पस्तीस दिवस झाले. सकाळी साडेसातला मी अजून चहाचा कप घेऊन खिडकीपाशी बसतो. तेव्हा तुझ्याकडे संध्याकाळचे सात वाजलेले असायचे आणि दर रविवारी तुझा फोन यायचा. आता वार कोणताही असो, मी बसतो. सुनंदा पुण्याला मुलाकडे आहे, नातीला सांभाळायला. गणपतीपर्यंत ती काही यायची नाही. बोळिंजच्या या चौथ्या मजल्यावर दिवसभरात माझ्याशी बोलणारी माणसं दोनच, दूधवाला आणि लिफ्टजवळ बसणारा वॉचमन. दोघांनाही तू गेल्याचं मी सांगितलेलं नाही. माझी बहीण कॅनडाच्या पार उत्तरेला आमदार होती, काही काळ मंत्रीही होती, आणि शेवटी शे-दीडशे घरांच्या एका गावात नर्सचं काम करता करता गेली, हे सांगायला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. म्हणून तुलाच लिहितोय.

तुझ्या तिथल्या सभागृहानं शोकप्रस्ताव मांडला. त्याचा कागद तुझ्या तिथल्या मैत्रिणीनं, रोझनं, मला मोबाइलवर पाठवलाय. तुझ्या निवडणुका, तुझं खातं, तू बसलेल्या समित्या, सगळं त्यात व्यवस्थित आहे. मी शिक्षक माणूस, दोनदा वाचला. चूक एकही नाही. पण आपलं गाव त्यात 'भारतातलं, मुंबईजवळचं एक खेडं' एवढंच आलंय, आणि आई एका ओळीत. त्या ओळीबद्दल मला बोलायचंय. तिथपर्यंत पोचायला जरा वेळ लागेल. तोवर तू मधे बोलू नकोस, तुला ती सवय होती.

तुझं राजकारण कुठे सुरू झालं हे त्या लोकांना ठाऊक नाही. ते आपल्या गावच्या उपकेंद्राच्या कुलपापाशी सुरू झालं. अण्णांना भाताच्या खाचरात फुरसं डसलं तेव्हा तू सोळाची होतीस, मी दहाचा. चौघांनी त्यांना उचलून आरोग्य उपकेंद्राच्या पायरीवर आणलं. दाराला कुलूप होतं. नर्सबाई आठवड्यातून दोनदा यायच्या, तो त्यांचा वार नव्हता. तू दगड घेऊन कुलूप तोडलंस, आत जाऊन कपाट उघडलंस आणि तशीच उभी राहिलीस. बाटल्या होत्या, कुठली कशाची, ते सांगणारं कोणी नव्हतं. मग अण्णांना वसईला नेलं, तिथून मुंबईला. तिसऱ्या दिवशी ते गेले. थोडं आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले. ते वाक्य आई आयुष्यभर म्हणत राहिली आणि तू एकदाही म्हटलं नाहीस.

तीन वर्षांनी तू नर्सिंगला होतीस. सुट्टीत घरी आलीस आणि ग्रामसभेला जाऊन बसलीस. बायका मागे, पुरुष पुढे. तू मागूनच उठून विचारलंस, "उपकेंद्राची किल्ली गावात कोणाकडे असते?"

सरपंच म्हणाले, "पोरी, हे प्रश्न असे विचारायचे नसतात. घरातल्या कोना पुरुषाला पाठव."

"घरात पुरुष एकच आहे, तेरा वर्षांचा," तू म्हणालीस. "त्याला पाठवू?"

सगळी सभा हसली. मी दारात उभा होतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सभा संपता संपता सरपंचांनी वैतागून किल्ली आपल्या आईकडेच ठेवायला दिली आणि नर्सबाईंना आणखी दोन दिवस यायला लावायचं कबूल केलं. आईनं ती किल्ली कमरेला खोचली. त्या रात्री जेवताना ती तुझ्याकडे बघत राहिली होती. माझ्याकडे तिनं तसं कधी बघितलं नाही. मला राग नव्हता आला तेव्हा. राग नंतरचा.

तू तिकडे गेलीस ती एका वर्षाच्या करारावर. आधी आखातात, मग कॅनडात, मग उत्तरेला, जिथे जायला तिथल्याच नर्स तयार नसत. मोठी नदी ओलांडून जायचं. उन्हाळ्यात तरीनं, हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून गाडीनं, आणि बर्फ धड घट्टही नाही, वितळलेलंही नाही अशा दिवसांत गावाचा जगाशी संबंध फक्त विमानानं. तुझं पहिलं पत्र आईला मी वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतंस, 'इथे लोक काठ्यांवर मासे वाळवतात. वास आला आणि मी रडले.' आई म्हणाली, "मंग बरं हाय. मानसं आपल्यासारखीच दिसतात."

वर्षाची दोन वर्षं झाली, दोनाची दहा. दवाखान्यात म्हाताऱ्यांचं त्यांच्या भाषेतलं बोलणं तुला इंग्रजीत सांगणारी रोझ तुझी मैत्रीण झाली. तुझ्याच वयाची, त्याच गावात जन्मलेली. तू निवडणुकीला उभी राहिलीस तीही तिच्यामुळेच. एक दिवस एका आजोबांना तपासताना तू सरकारला शिव्या घालत होतीस आणि रोझ त्या शब्दाला शब्द भाषांतर करून त्यांना ऐकवत होती. आजोबांनी जे उत्तर दिलं ते तिनं तुला सांगितलं, "ते म्हणतायत, मला का सांगतेस, त्यांना जाऊन सांग."

मला तू रविवारी म्हणालीस, "रमू, मी निवडणूक लढवतेय."

"कुठल्या पक्षातर्फे?"

"इथे पक्ष नसतात. आपापलं उभं राहायचं. निवडून आलेले सगळे मग एकत्र बसतात आणि आपल्यातूनच मंत्री निवडतात."

"मग तिकीट कोण देतं?"

"कोणी नाही रे. घराघरांत जाऊन चहा प्यायचा."

मी तुला हसलो. इथे आमच्याकडे निवडणुकीच्या सहा महिने आधीपासून भावी नगरसेवकांच्या फोटोंनी विजेचे खांब दिसेनासे होतात. तू बर्फातून बूट ओढत तीन गावांतली घरं पालथी घातलीस आणि हरलीस. थोडक्यात हरलीस. एका बाईनं तुला तोंडावर सांगितलं होतं की बाहेरून आलेली माणसं जातात, नेहमीच जातात, त्यांना मत कशाला द्यायचं. तू मला हे सांगितलंस तेव्हा मी म्हणालो, "बरोबरच आहे तिचं. ये आता परत."

तू आली नाहीस. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन त्याच बाईचा रक्तदाब मोजलास. चार वर्षांनी ती बाई तुझ्या प्रचाराला तुझ्यासोबत फिरली आणि तू निवडून आलीस. शपथ घेताना तू आईची हिरवी इरकल नेसली होतीस. फोटो पाहून आई मला म्हणाली, "पाय बघ तिचे. साडीखाली बूट घातलेत." आणि मग तो फोटो तिनं पापडाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला, म्हणजे डबा उघडला की दिसावीस.

आता ती ओळ. 'त्यांच्या मातोश्रींच्या निधनाच्या वेळी अधिवेशन सुरू असल्यामुळे त्या मायदेशी जाऊ शकल्या नाहीत.' एवढंच लिहिलंय.

आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि मी तिला गावाहून इथे बोळिंजला आणलं. तिला चौथा मजला आवडला नाही. माती कुठाय, विचारायची. अकरा आठवडे ती समोरच्या खोलीत झोपून होती. सुनंदा आणि मी आळीपाळीनं करायचो. शाळेतून येऊन मी तिला पुसायचो, कूस बदलायचो, भरवायचो. तू रविवारी फोनवर औषधांची नावं विचारायचीस आणि माझ्या उत्तरातल्या चुका काढायचीस. शेवटच्या आठवड्यात मी तुला म्हणालो, "आता निघ."

तू म्हणालीस, "गुरुवारी मतदान आहे. तीन गावांतले दवाखाने बंद करून लांबच्या मोठ्या गावात एकच ठेवायचा प्रस्ताव आहे. आम्ही मोजलंय, एका मताचा फरक आहे. शुक्रवारी पहिल्या विमानानं निघते."

"दुसऱ्या कोणाला तरी सांग."

"माझं मत दुसरं कोण देणार, रमू?"

"आई विचारतेय तुला," असं तेव्हा म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही. मी म्हणालो, "तुला जे महत्त्वाचं वाटतं ते कर," आणि फोन ठेवला.

आई बुधवारी दुपारी गेली. तुला मी लगेच कळवलं नाही. तू मत दिलंस आणि एका मतानं दवाखाने वाचले. शुक्रवारी तू विमानतळावर जायला निघाली असताना मी फोन केला. सगळं उरकलंय, आता येऊ नकोस, म्हणालो. मग विचारलंस, "शेवटी काही म्हणाली का? माझ्याबद्दल?"

मी म्हणालो, "नाही. तुझं नाव नाही घेतलं."

ताई, ते खोटं होतं.

अकरा आठवडे तिनं दुसरं काही म्हटलंच नाही. लिफ्टचा दरवाजा वाजला की ती मान वळवायची आणि म्हणायची, "कोन? कुंदा?" मी शाळेतून आलो की, "कोन? कुंदा?" सुनंदानं पाणी नेलं तरी, "कोन? कुंदा?" मी म्हणायचो, "आई, मी रमू." मग ती मान पुन्हा भिंतीकडे करायची. रोज. तिला पुसणारा मी, उचलणारा मी, आणि मी रमू आहे हे कळलं की तिचा चेहरा मिटायचा. बुधवारी सकाळी तिनं डोळे उघडून मला नीट बघितलं. मला वाटलं, आज ओळखलं. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "आलीस गं बाय." मी नाही म्हणालो नाही. तिचा हात तसाच हातात धरून तू होऊन बसलो. दुपारपर्यंत.

म्हणून शुक्रवारी मी तुला ते म्हणालो. तुला लागावं म्हणूनच म्हणालो. आता याला दुसरं काही नाव देत बसत नाही.

दोन वर्षांनी तू आलीस, नऊ दिवसांसाठी. तोवर तू दुसऱ्यांदा निवडून येऊन तिकडे आरोग्यमंत्री झाली होतीस. इथल्या मंडळींना पत्ता लागला आणि नाक्यावर बॅनर लागलं, 'वसईची कन्या कॅनडात मंत्री!' स्थानिक नेत्यांचे डझनभर फोटो आणि खालच्या कोपऱ्यात तुझा, तोही कॉलेजातला. तू रिक्षा थांबवून खाली उतरलीस, कंबरेवर हात ठेवून बघत राहिलीस आणि रिक्षावाल्याला विचारलंस, "यात मी कुठली, ओळखा." तो म्हणाला, "मॅडम, आप तो नहीं हो इसमें." तू इतकी हसलीस की तोही हसायला लागला. कितीतरी दिवसांनी मला तू आवडलीस.

आमच्या सोसायटीच्या मीटिंगलाही तू येऊन बसलीस. विषय पाण्याच्या टँकरचा होता. चेअरमन तुला मान द्यायचा म्हणून म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे असे प्रश्न नसतील."

तू म्हणालीस, "आमच्या गावात पण पाणी टँकरनंच येतं. घराघरात टाक्या आहेत. जमीन गोठलेली असते, तिथे पाइप टाकता येत नाही."

"मग टँकर वेळेवर येतो का?"

"येतो. ड्रायव्हर सगळ्यांना ओळखतो. नाही आला तर त्याच्या आईला फोन करतात."

सगळे हसले. चेअरमन हसले नाहीत, त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

शेवटच्या दिवशी आपण गावच्या घरी गेलो होतो. तू आईच्या खोलीत गेलीस. रिकामी खाट होती. पापडाचा डबा मी आधीच काढून टाकला होता, ताई, तेही सांगून टाकतो. खाटेवर बसून तू परत विचारलंस, "रमू, खरंच काही नाही म्हणाली?"

तू इतक्या हळू विचारलंस की ऐकू न आल्यासारखं करता आलं असतं. ती वेळ होती. दोन वर्षं झाली होती, माझा राग विरघळत आला होता, सांगितलं असतं तर तू रडली असतीस, मला चार शिव्या दिल्या असत्यास आणि आपण रिक्षानं घरी आलो असतो. पण मग मला हेही सांगावं लागलं असतं की दोन वर्षं मी तुला तसंच ठेवलं. मी म्हणालो, "शेवटी शुद्धच नव्हती गं तिला." पहिल्या खोट्याला सांभाळायला दुसरं.

तू मान हलवलीस. विमानतळावर सोडायला आलो तेव्हा म्हणालीस, "एका अर्थी बरंच झालं. तू सांगितलंस त्या दिवशीच मी ठरवलं, आता जे काय करायचं ते तिकडेच. इथं वाट बघणारं कोणी नाही." नंतर तू कधीच आली नाहीस. त्या शोकप्रस्तावात तुझ्या 'अविचल निष्ठे'बद्दल लिहिलंय. त्या निष्ठेत माझा केवढा हात आहे हे त्यांना कळलं असतं तर.

मग तो दुसरा वाद. तू मंत्री असतानाच ते तीन दवाखाने बंद करायची वेळ आली आणि आदेशावर सही तुझी होती. मी ते इंटरनेटवर वाचलं. रविवारी फोन आल्याबरोबर म्हणालो, "ज्यासाठी आईला सोडलंस ते तूच बंद केलंस?"

तू म्हणालीस, "हो."

"हो काय, ताई?"

"नर्स मिळत नाहीत. दोन महिने येतात आणि जातात. एकटी नर्स दिवस-रात्र उभी राहते, मग थकून चूक करते. उघडं दार आणि आत कोणी नाही, त्यापेक्षा कुलूप खरं बोलतं. अण्णांच्या वेळी कुलूप होतं म्हणून मी एवढी वर्षं भांडले. पण आत बाई नसेल तर कुलूप तोडून काय मिळतं, ते मीच बघितलं होतं ना."

"हे तेव्हा नव्हतं का कळत? त्या गुरुवारी?"

तू सुनंदाची चौकशी केलीस आणि फोन ठेवलास. पुढच्या रविवारीही त्यावर बोलणं झालं नाही, आणि त्यानंतर कधीच नाही. तो वाद तसाच राहिला. मला अजून वाटतं तू चुकलीस. कुठल्या वेळी चुकलीस ते मात्र मला ठरवता येत नाही.

लोकांनी ठरवलं. पुढच्या निवडणुकीत तू सपशेल हरलीस. तुझ्या स्वतःच्या गावानं तुला मत दिलं नाही. मला वाटलं, आता येईल. बोळिंजमध्ये आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक जागा भाड्यानं निघत होती, ती मी तुला न सांगता बघूनही आलो. पूर्वेची खिडकी होती. सुनंदा म्हणाली, "ताईंना ऊन आवडेल."

रविवारी तू म्हणालीस, "रमू, मला नोकरी लागली."

"आता? कुठे?"

"आपल्याच दवाखान्यात. नर्स मिळत नव्हती म्हणून बंद केला ना? आता मिळाली. उघडतायत."

मला हसावं की रडावं कळेना. ज्या गावानं पाडलं, त्याच गावात तू बासष्टाव्या वर्षी पुन्हा पांढरा कोट घालून बसलीस. पहिले काही दिवस लोक आलेच नाहीत म्हणे. मग एका लहान मुलीचा हात भाजला आणि तिची आई तिला घेऊन आली, तुझ्याकडे न बघता. तू हात धुतलास आणि कामाला लागलीस. रोझ शेजारी उभी होती. भाषांतर करायला काहीच नव्हतं, असं तिनं मला परवा सांगितलं.

पाच वर्षं तू तो दवाखाना चालवलास. मग एका दुपारी, दवाखान्यातच, तुझा उजवा हात लुळा पडला. तुला काय होतंय हे त्या खोलीत फक्त तुलाच कळलं. तू रोझला सांगितलंस, वेळ लिहून ठेव. कुठलं कपाट, कुठला खण, ऑक्सिजन कसा लावायचा, कोणाला फोन करायचा आणि फोनवर कुठला शब्द आधी बोलायचा, सगळं सांगितलंस. तुला न्यायला विमान निघालं, पण वारा होता. दोनदा गावावर येऊन परत फिरलं. तिसऱ्यांदा उतरलं तेव्हा तू नव्हतीस. रोझ म्हणाली, "ती घाबरली नव्हती. तिला माझी चिंता होती, की मला बाटलीवरचं नाव वाचता येतंय की नाही."

तुला तिथेच पुरायचं, असं तू लिहून ठेवलं होतंस. गावाहून चुलत भावाचा फोन आला, "असं कसं, अग्नी नको का द्यायला?" मी म्हणालो, "तिनं सांगितलं तसंच होऊ दे." गावातल्या पुरुषांनी दोन दिवस जमिनीवर जाळ केला, माती सैल व्हावी म्हणून, मग खणलं. मी हे सगळं मोबाइलवर पाहिलं, या खिडकीत बसून. माणसं खूप होती. सगळी काळ्या जाड कपड्यांत, तोंडातून वाफा. मी कोणालाच ओळखत नव्हतो आणि त्या सगळ्यांना तू माहीत होतीस. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, मी उठून गॅस बंद केला आणि परत येईपर्यंत माती टाकून झाली होती.

परवा रविवार होता. साडेसातला फोन वाजला. रोझ होती. तुझ्या सामानाचं विचारत होती. साड्या चार आहेत, त्या कोणाला द्यायच्या, फोटोंचं काय करायचं. माझं इंग्रजी शाळामास्तरचं, तिचंही जपून बोललेलं. एकमेकांना समजायला वेळ लागत नाही. सगळं ठरलं. मग ती म्हणाली, "ती तुझ्याबद्दल खूप बोलायची. आईचं सगळं तू केलंस, म्हणायची. एकट्यानं."

मला पुढचं ऐकवेना. मी तिला सांगितलं. लिफ्टचा दरवाजा, 'कोन? कुंदा?', तो बुधवार, तो शुक्रवार, खाटेवर बसून तू परत विचारलंस ते. कोणालाही न सांगितलेलं, सुनंदालाही नाही, ते कधीही न पाहिलेल्या एका बाईला सांगितलं.

माझं झाल्यावर ती म्हणाली, "तिला हे माहीत नव्हतं."

"नाही."

"दर वर्षी आई गेली त्या तारखेला ती कोणाशी बोलायची नाही. मी विचारलं तर म्हणायची, आईनं मला माफ केलं नाही." मग म्हणाली, "तुमच्या आईचे शब्द काय होते? इंग्रजीत नको. जसे होते तसे सांग."

मी सांगितले. तिनं म्हणून बघितले. तिच्या तोंडात 'द' नीट बसेना. मी पुन्हा सांगितलं, तिनं पुन्हा म्हटलं. मी तीस वर्षं मुलांकडून उच्चार करून घेतलेत, पण असा वर्ग कधी घेतला नव्हता. पाचव्या-सहाव्या वेळेला तिनं ते इतकं बरोबर म्हटलं, ण नाही, न, आणि शेवट जरा वर उचललेला, की मी मान वळवून समोरच्या खोलीकडे बघितलं.

"बास," मी म्हणालो. "असंच."

"उद्या सकाळी जाते," ती म्हणाली. "आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं पोचवलंय मी. हेही पोचवते."

मी तिला म्हणालो की मेलेल्या माणसाला ऐकू जातं असं मला वाटत नाही. ती म्हणाली, "मला वाटतं. जायचं मला आहे, त्यामुळे चालेल."

काल रात्री झोपताना तिचा निरोप आला. सकाळी गेली होती. बर्फ गुडघाभर होतं, टँकरवाल्यानं दफनभूमीच्या कुंपणापर्यंत सोडलं. एकदा म्हटलं, पण वारा फार होता म्हणून दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हटलं. आणि सांगितलं की हे उशिरा येतंय, ते रमूमुळे.

तुझा,
रमू